डिसेंबरचं पान

८ सप्टेंबर, सोमवार

आणि वर तोंड करून म्हणतो काय, “मावशी, लोकांना भिंतीवर देव पाहिजे. चांगल्या भिंतीवर पडक्या भिंतीचा फोटो कोण लावणार?” सगळे हसले. हसायला काय जातंय. ह्या वीरधवलच्या बापाच्या वेळेपासून मी कुपवाडच्या ह्या छापखान्यात कॅलेंडरला वरची पत्र्याची पट्टी मारते आहे. हा अर्ध्या चड्डीत यायचा आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटायचा. आता एसीत बसतो आणि लोकांना काय पाहिजे ते मला शिकवतो. लक्ष्मी, गणपती, बाळकृष्ण, परत लक्ष्मी. दरसाल तेच. त्या लक्ष्मीच्या डोक्यावर मी इतक्या पट्ट्या मारल्यात की तिलासुद्धा माझा कंटाळा आला असेल.

मी काय फुकटचं मागितलं होतं? चहाच्या सुट्टीत फोन पुढं केला आणि एवढंच म्हटलं, आपल्या छापखान्याचं स्वतःचं कॅलेंडर आपण दर दिवाळीला गिऱ्हाइकांना वाटतो, त्यावर यंदा आपल्याच मुलखातल्या जुन्या इमारती टाका, माझ्याकडं फोटो आहेत. बघितलं तरी नीट का? बोटानं सरसर पुढं ढकलले. रहिमतपूरचं लाकडी गॅलरीचं घर एका दमात गेलं. त्या घरापुढं मी अर्धी दुपार उन्हात बसले होते, शेजारचा दुकानदार त्याची निळी ताडपत्री कधी गुंडाळतो याची वाट बघत.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे बाजेवर, रिमोट हातात. मिलिटरीतून हवालदार होऊन आले, मग इथल्याच एका कारखान्यावर वॉचमन, तो कारखाना बंद पडला तेव्हापासून बाजेवर. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, “बरोबर हाय की त्याचं. धंदा हाय त्यो.”

म्हणून मी बोलायचंच बंद केलं आणि हे लिहायला घेतलं. डायरी छापखान्याच्या रद्दीतली आहे, हिच्यात जून दोनदा छापलाय. चालतंय. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला पुष्कळ झाली.

१० सप्टेंबर, बुधवार

आज त्यानंच बोलावलं. मी स्टेटसला गुऱ्हाळाच्या धुराड्याचा फोटो ठेवला होता, तो त्याच्या बायकोनं बघितला म्हणे.

“मावशी, रस्टिक लुक आहे याला. हल्ली चालतं हे.”

रस्टिक म्हणजे काय ते मी विचारलं नाही. परवा पडकी भिंत होती, आज रस्टिक झाली. बायकोनं बघितली की भिंतीचा भाव वाढतो.

तर यंदाचं कॅलेंडर माझ्या फोटोंचं. पण अटी घातल्या. महिन्याला एक असे बारा पाहिजेत. फोटोत माणूस नको, वायर नको, गाडी नको. इमारत जुनी दिसली पाहिजे. दसरा झाला की दुसऱ्या आठवड्यात काम मशीनवर जाणार. मी हो हो म्हटलं आणि टेबलावर येऊन मोजले. चांगले म्हणावेत असे अकराच आहेत. डिसेंबर रिकामा.

हे खूळ लागलं चैत्रात. औंधला यमाईच्या दर्शनाला जाताना आडरस्त्याला गाडी पंक्चर झाली. हे गाडी ढकलत गावात गेले, मी रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी. समोर बंद पडलेलं गुऱ्हाळ आणि उसाच्या मधोमध त्याचं धुराडं. लेकीनं, संयोगितानं, पुण्याहून तिचा जुना फोन मला पाठवलेला. त्यात बघितलं तर धुराडं डोळ्यांना दिसत होतं त्यापेक्षा बरं दिसलं. ऊस कापल्यावर तेही कुणीतरी पाडणार हे कळत होतं. काढला. मग पुढच्या रविवारी ह्यांना म्हटलं, चला. मोठा रस्ता नको, आतनं चला. तेव्हापासून दर रविवारी हे गाडी चालवतात आणि मी मागं बसून बघते. एक कौलारू जनावरांचा दवाखाना सापडला, एक कमानीची पायविहीर सापडली. हे येतात ते कुरकुर करतच येतात. एकटीला गाडी चालवता येत नाही म्हणून ऐकून घेते.

जुन्या इमारतीचं एक बरं असतं. ती उलट उत्तर देत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

बारावी सापडली, पण फोटो नाही. सगळा दोष ह्यांचा.

औंधच्या अलीकडं कुठंतरी रस्ता चुकलो. हे म्हणाले डावीकडं, मी म्हटलं उजवीकडं, आणि ह्यांनी डावीकडं घेतली. खडकमाची नावाचं गाव लागलं. गावाच्या तोंडाला रस्त्यालगत धर्मशाळा. नुसता काळा दगड, पुढं तीन कमानी, वर भिंतीतनं पिंपळाचं रोपटं आलेलं. भिंतीत एक कोरीव दगड बसवलेला. अक्षरं झिजलीत, पण पहिल्या महायुद्धात ह्या गावातनं किती माणसं गेली आणि किती आली नाहीत ते लिहिलंय असं मागनं कळलं. त्यांच्याच नावानं ती बांधलेली. मी गाडी थांबायच्या आधी उतरले.

आत शेळ्या. पुढं उसाची ट्रॉली लावलेली, निम्मी कमान झाकलेली. एक उंच माणूस आला, मिशा पिळलेल्या, कपाळाला भंडारा.

“कोण पायजे?”

“कोण न्हाई. इमारत पायजे,” मी म्हटलं.

“घिऊन जाताय का काय?”

हे हसले. त्या माणसाचं नाव बिराप्पा, रिटायर सुभेदार. ह्यांनी विचारलं कुठली पलटण, त्यानं सांगितली, आणि माझी दुपार तिथंच संपली. दोघं एकाच पलटणीतले निघाले, दोन-चार वर्षांचा फरक. एकाच लांगरीच्या, म्हणजे पलटणीतल्या आचाऱ्याच्या, हातच्या करपलेल्या पुऱ्या दोघांनी खाल्लेल्या. त्या पुऱ्यांवर किती बोलावं माणसानं? घरी मी पोळी करपवली तर हे तोंड वाकडं करतात. तिथं करपलेल्या पुरीच्या नावानं डोळे पुसत होते.

मी म्हटलं, “आवं, उजेड चाललाय.” कुणी ऐकलं नाही. ट्रॉलीचा मालक शेतात. ऊन गेलं, ढग आले. शेवटी मी बिराप्पांना सांगितलं, “भाऊ, पुढच्या टायमाला ट्रॉली हलवून ठेवा आन् शेळ्या भाईर काढा. मी ईन दसऱ्याच्या आत-बाहेर.”

“चिंता सोडा वैनी. फोटूची तयारी आमच्याकडं लागली.”

परतीच्या वाटेवर हे विट्यापर्यंत बोलत होते. मी ऐकलं नाही, मला थंडी वाजत होती.

१७ सप्टेंबर, बुधवार

बिराप्पांचा ह्यांना फोन. ती धर्मशाळा पंचायत पाडणार आहे. दिवाळी झाली की तिथं सिमेंटची स्वागत कमान उभी करायची, वर दोन सिंह. सरपंचांनी ठरवून टाकलंय, ग्रामसभेत हात वर झाले की झालं.

मी म्हटलं, मग त्याआधी फोटो काढला पाहिजे. एकदा पाडल्यावर काय दगड गोळा करून फोटो काढू?

ह्यांनी टीव्ही चालू सिनेमात बंद केला, ताटातली भाकरी अर्धी टाकली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. अन्न वाया घालवायची सवय कधी लागली कोण जाणे.

२१ सप्टेंबर, रविवार

पाऊस. आणि दिवाळीचं काम सुरू झालंय म्हणून रविवारीही छापखाना चालू. फोटोचं राहिलं. हे मात्र एवढ्या पावसात रेनकोट घालून गेले. कुठं विचारलं तर “दोस्ताकडं.” ह्यांचे दोस्त म्हणजे पत्ते. सकाळी उठून दाढी काय, बूट काय. पत्त्यांना बूट कशाला लागतात?

दिवाळीला घराला चुना द्यायचा मोठा ब्रश सापडत नाही. शेजारणीनं नेला असणार. विचारलं तर तोंड फुगवून बसली.

२८ सप्टेंबर, रविवार

परत तेच. मी पट्टीवर, हे दोस्ताकडं. अंधार पडता पडता आले. जेवायला बसले तर नखं लाल. बोटांच्या चिरांत लाल.

“कुठल्या तालमीत लोळून आलाय?”

“पडलो.”

“कुठं पडला?”

“मातीत.”

गुडघा फुटलेला नाही, पँट फाटलेली नाही, नखंच तेवढी पडली. वयात आलेल्या पोरासारखी उत्तरं देतात. वर जेवले मात्र तीन भाकऱ्या आणि आमटी मागून मागून. पाठ दुखते म्हणून रोज कण्हायचे, आज तेही नाही. हुंदडायला गेलं की पाठ दुखत नाही.

टीव्हीचा रिचार्ज संपून आठवडा झाला. ह्यांनी भरला नाही. एवढा आळस.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

राग अजून उतरला नाही. तरी लिहिते.

सकाळी गाडीला झेंडूची माळ घालून निघालो. हे आज कुरकुरले नाहीत, उलट तासगाव सोडल्यापासून शीळ घालत होते. मी मनात म्हटलं, ऊन चांगलं आहे, काळ्या दगडावर तिरपं पडेल, कमानींच्या आत सावली येईल. डोळे मिटून मला तो फोटो दिसत होता.

खडकमाचीचं वळण घेतलं आणि मला लांबून काहीतरी पांढरं दिसलं. वाटलं, मेलं कुणीतरी फ्लेक्स बांधला. जवळ गेलो. रस्त्याच्या कडेनं दगड मांडलेले, एकाआड एक पांढरा, लाल, पांढरा, लाल. लिंबाच्या झाडाला खालनं गेरू, वर चुन्याचा पट्टा. आणि धर्मशाळा. कमरेएवढा गेरू, त्यावर सरळ दोरी मारून काढलेली रेघ, वर सगळा चुना. कमानींना लाल काठ. पिंपळ काढून टाकलेला. तो कोरीव दगड चंदेरी रंगानं रंगवलेला आणि त्यातलं एकेक अक्षर काळ्या रंगात उठवलेलं. ट्रॉली नाही. शेळ्या नाहीत. शेळ्यांच्या जागी गावातले सगळे पेन्शनर डोक्याला बॅरेट टोप्या, छातीला मेडलं लावून एका रांगेत उभे. आम्हाला बघितल्यावर बिराप्पा ओरडले, “सावधान.” आणि ती सगळी म्हातारी पोटं आत गेली.

मी विचारलं, “हे कुणी केलं?”

“आमी. समद्या पेन्शनरांनी,” बिराप्पा म्हणाले. “दोन आयतवार लागलं वैनी. पावसानं एकदा समदा चुना धुतला, फिरनं दिला. हवालदारसाब हुते म्हणून झालं. रेघ बघा, पट्टी लावून बघा.”

सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. हे बुटाकडं बघायला लागले.

तेव्हा मला नखं कळली. माझा ब्रश कळला.

“तुमाला कुणी सांगितलं हुतं?” मी म्हटलं. “मी दोन गोष्टी सांगितल्या हुत्या. ट्रॉली आन् शेळ्या.”

हे हळूच म्हणाले, “अगं, इन्स्पेक्शन म्हटलं की गेरू-चुना लागतोच. तू येणार, फोटू काढणार, त्यो छापणार. मंग त्यापेक्षा मोठं इन्स्पेक्शन कंचं? काळी पडली हुती इमारत. तुझा फोटू चांगला यावा म्हणून…”

पुढं मी काय बोलले ते लिहीत नाही, सणाचा दिवस आहे. गावातल्या बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या एवढं सांगते. रांगेतल्या एकानं टोपी काढून हातात घेतली. बिराप्पांची मिशी खाली आली. हे तसेच उभे, हात पाठीमागं बांधून, साहेबापुढं उभं राहतात तसे.

धर्मशाळेच्या पायरीवर बिराप्पांची आई बसली होती, हरणाबाई. वाळून खारीक झालेली म्हातारी. म्हणाली, “काय गं बाई, वरडतीस कशाला? पडकंच पायजे असंल तर माझा काढ.”

पोरं हसली, बायका हसल्या. मला हसायचं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले, कारण पाय दुखत होते.

“रागाव, रागाव,” ती म्हणाली. “पर माझं बी आईक. हितं बसून मी तीनदा रडलीया. नवरा गेला तवा, ह्यो बिराप्पा गेला तवा, नातू गेला तवा. येस्टी हितंच थांबायची. गडी ट्रंक घिऊन यायचा न् जायाचा. ही जायाची जागा, बसायची न्हवं. रिटायर हून आलं तरी कुणी हितं टेकत न्हवतं. ज्यो त्यो आपापल्या घरात भिताडाकडं तोंड करून. ह्या दोन आयतवारी पयल्यांदा समदी हितं बसलेली बघितली. भांडत हुती, चुना जाडा झाला, पातळ झाला. मला लय बरं वाटलं बघ.”

म्हातारी बोलतच राहिली आणि ऊन सरकत होतं. मला काय पाहिजे ते तिला कळणार नाही म्हणून मी नुसती ऐकत राहिले.

मग चहा आला. कुणीतरी “विश्राम” म्हटलं आणि रांग मोडली. माणसं कमानींत, पायऱ्यांवर जाऊन बसली. कुणी बुटाची नाडी सैल करतोय, कुणी बशीत चहा ओतून फुंकतोय. एकानं मेडल उलटं लावलं होतं, त्यावरनं हरणाबाईनं त्याला असं काही सुनावलं की सगळे खदखदून हसले. एवढ्या पांढऱ्या चुन्यात चेहरे काळे येतात का तेवढंच बघावं म्हणून मी फोन वर केला आणि बटण दाबलं गेलं. एकच. नंतर ढग आला.

सगळ्यांनी आपट्याची पानं हातात दिली. मीही दिली. सणाला नाही कसं म्हणणार. परत येताना हे कुपवाडपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. शीळ तर नाहीच.

४ ऑक्टोबर, शनिवार

बोलणं बंद. हे परत बाजेवर. टीव्ही बंद आहे, रिचार्ज नाही, तरी तिकडंच तोंड करून बसलेत. काळ्या पडद्यात काय दिसतं?

गेरू नखातनं लिंबानं निघतो असं मी भिंतीकडं बघून सांगितलं. लिंबू कापून ठेवलं. त्यांनी ते आमटीत पिळलं.

५ ऑक्टोबर, रविवार

आज छापखान्याला सुट्टी, पण कुठं गेलो नाही. जायचं का असं कुणी विचारलंही नाही.

दुपारी फोटो बघितला. पुसून टाकावा म्हणूनच उघडला होता. चेहरे काळे आलेले नाहीत. चुन्यावरनं उजेड उडून सगळ्यांच्या तोंडावर आलाय. मधल्या कमानीत हरणाबाई, तोंडात दात नाही आणि हसणं मावत नाही. डावीकडं तो उलट्या मेडलवाला. आणि उजव्या कमानीला टेकून आमचे हे. बशी हातात, चहा सांडतोय आणि ह्यांना पत्ता नाही. दात दिसतायत. मी फोटो मोठा करून बघितलं, खरंच ह्यांचेच आहेत का. ह्यांची एक दाढ सोन्याची आहे हे मी विसरलेच होते.

मग चहा ठेवला. मग परत बघितला. फोन गरम झाला शेवटी. एका फोटोला एवढं काय बघायचं असतं मला कळत नाही. रेघ मात्र खरोखर सरळ आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

वीरधवलला बारा फोटो दिले. अकरांना मान डोलावली. बाराव्याला थांबला.

“मावशी, हे काय आहे? हे तर नवीन बांधकाम दिसतंय. आणि माणसं किती. आपलं काय ठरलं होतं?”

खरं सांगायचं तर दसऱ्याला मीही हेच बोलले होते, याच्यापेक्षा वाईट शब्दांत. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

“बांधकाम शंभर वर्षांचं हाय,” मी म्हटलं.

“असेल. दिसत नाही ना. आणि हा माणूस बघा, चहा सांडतोय.”

“त्यो माझा नवरा हाय.”

त्यानं फोटो परत एकदा बघितला. मग म्हणाला, “मावशी, अकरा तुमचे घेतो. डिसेंबरला मी इंटरनेटवरनं राजस्थानचा एक किल्ला टाकतो. मस्त आहे. तसंही डिसेंबर कोण बघतंय? वर्ष संपत आलेलं असतं, लोक पुढच्या कॅलेंडरची वाट बघत असतात.”

राजस्थानचा किल्ला. मी रहिमतपूरला उन्हात बसायचं, पायविहिरीत उतरताना पाय मुरगळून घ्यायचा आणि शेवटाला हा राजस्थानातनं वाळू आणून ओतणार. मी “बघू” म्हणून उठले. बघू म्हणायची मला सवय नाही. जीभ कडू झाली.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. चार दिवसांनी पहिलं बोलणं. म्हटलं त्याला माणसं नको आहेत, गेरू नको आहे.

हे म्हणाले, “चूक माझी हाय. त्याला बोलू नगंस.”

मी म्हटलं, “चूक तुमचीच हाय. पर त्यानं बोलायचं कारण न्हाई.”

७ ऑक्टोबर, मंगळवार

कामावरनं येते तर हे दारात उभे. बिराप्पांचा फोन येऊन गेला होता. उभ्याउभ्याच सांगायला लागले, मी म्हटलं बसून बोला, बसले नाहीत.

तर झालं असं. दसऱ्याला आम्ही परत आलो त्यानंतर गावातली माणसं रोज संध्याकाळी धर्मशाळेत बसायला लागलीत. पेन्शनर बसतात म्हणून बाकीचेही बसतात. काल सरपंच जागेचं माप घ्यायला टेप घेऊन गेले, तर कमानीत त्यांचीच आई हरणाबाईशी बोलत बसलेली. म्हणाली, “मी उठली की मोजा.” उठलीच नाही. सरपंच टेप गुंडाळून परत.

मग बिराप्पांनी त्यांना कॅलेंडरचं सांगितलं. सरपंच म्हणाले, खरंच छापून येणार असेल तर माझी पंचाईत आहे. घराघरात, दुकानादुकानांत धर्मशाळा लागणार आणि मी ती पाडली तर लोक वर्षभर भिंतीकडं बोट करून मला विचारणार. येत्या रविवारी ग्रामसभा आहे. छापलेलं पान सभेत आणून ठेवा, मी कमान ओढ्याच्या पलीकडं घेतो. नुसतं छापणार छापणार म्हणून सांगत आलात तर मी थांबणार नाही, माझा ठेकेदार ठरलाय.

“म्हंजे आता समदं तुझ्या शेठवर हाय,” हे म्हणाले.

“त्याच्यावर न्हाई,” मी म्हटलं. “माझ्यावर हाय.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “मंग काळजी न्हाई.” माणसाला काळजीच नसते, हेच तर माझं म्हणणं आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर पट्टी मारता मारता जुळवलं. तोंडानं सांगायला गेले तर तो मधेच मावशी मावशी करून गुंडाळतो आणि फोनवर एवढं लांब मला लिहिता येत नाही. म्हणून इथं नीट अक्षरात लिहिते आणि या पानाचा फोटो काढून त्याला पाठवते. वरच्या चार ओळी दिसणार नाहीत एवढं बघीन. हे बाहेर गाडीची चेन साफ करतायत. रविवार अजून लांब आहे, पण सांगून ऐकतंय कोण.

वीरधवल शेठ,

बारावा फोटो हाच. दुसरा नाही आणि मी काढणार नाही. तुम्हाला राजस्थानचा किल्ला लावायचा असेल तर माझे अकराही काढा आणि लक्ष्मी लावा, मी गुपचूप पट्टी मारीन. पण माझे अकरा आणि तो किल्ला मी एका पट्टीत अडकवणार नाही. ते काम दुसऱ्या कुणाला सांगा.

तुम्ही म्हणता इमारत जुनी दिसत नाही. म्हातारीला आंघोळ घालून लुगडं नेसवलं म्हणून ती तरणी होत नाही. म्हणता माणसं नकोत. शेठ, ती इमारत माणसांनी बसावं म्हणूनच बांधलेली आहे. बाकीच्या अकरांत कुणी बसत नाही म्हणून तर त्या पडायला आल्यात. एवढी एक मला बसलेली मिळाली, ती तुम्ही काढून टाकता. चहा सांडतोय तो सांडू दे.

डिसेंबर कोण बघतंय म्हणालात. मी बघते. आमच्या घरी बघणार आहेत. खडकमाचीला सगळे बघणार आहेत, जानेवारीत सुद्धा पान उलटून बघणार आहेत. तुमच्या किल्ल्याकडं कुणी असं बघणार असेल तर त्याचं नाव सांगा.

रविवारी त्या गावात सभा आहे. छापलेलं पान दिसलं तर धर्मशाळा राहणार, नाही दिसलं तर जाणार. तुमच्या मशीनला एक पान काढायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, मी तिच्या शेजारीच बसते. शनिवारी ते पान माझ्या हातात पाहिजे. त्यासाठी उत्तर शुक्रवारी पाहिजे, संध्याकाळी मशीन बंद करायच्या आत. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. विचार करतो म्हणायचं नाही, विचार करायला महिना होता. फोन करू नका, कुणाकडनं निरोप देऊ नका. एसीतनं उठा, पट्टीच्या टेबलापर्यंत चालत या आणि माझ्या तोंडावर सांगा. शुक्रवार.